ऑफिसची मेल आउटलुकशिवाय: कुलूप नेमकं कुठे असतं?

भोसरीला माझ्या मेहुण्याचं छोटं मशीन शॉप आहे. एका मोठ्या कंपनीकडून त्याला पर्चेस ऑर्डर यायची होती. मेल आली, पण तिला जोडलेली फाइल पीडीएफ नव्हती. तिचं नाव होतं ‘विनमेल.डॅट’. नोटपॅडमध्ये उघडली तर नुसते चौकोन, प्रश्नचिन्हं आणि मध्येच एखादा इंग्रजी शब्द. त्याने फोन केला. पलीकडून उत्तर आलं, “साहेब, आम्ही पीडीएफच पाठवलीय. इथून दिसतेय ना!” दोघंही खरं बोलत होते. तीन दिवस हेच चाललं. चौथ्या दिवशी कंपनीतल्या माणसाने ऑर्डर कागदावर छापली, तिचा फोटो काढला आणि व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून मोकळा झाला.

पीडीएफ त्या फाइलच्या पोटातच होती. आउटलुक हा मायक्रोसॉफ्टचा मेल वाचायचा प्रोग्रॅम आणि त्याच्यामागे उभा असलेला एक्स्चेंज सर्व्हर, म्हणजे कंपनीची सगळी मेल साठवणारी यंत्रणा, या दोघांची आपसातली एक गाठोडं बांधायची पद्धत आहे. मजकूर, अक्षरांचे रंग, जोडलेल्या फाइली असं सगळं त्यात एकत्र बांधतात. घरातल्या घरात ती सोयीची असते. ते गाठोडं बाहेरच्यांना पाठवायचं नाही, असं सेटिंग करता येतं. त्या कंपनीत ते कुणी केलं नव्हतं. मेहुणा वापरतो थंडरबर्ड, म्हणजे फुकट मिळणारा आणि ज्याचा कोड कुणालाही वाचता येतो असा प्रोग्रॅम. गाठोडं त्याच्यापर्यंत पोचलं, गाठ काही सुटली नाही.

हे झालं बाहेरच्या माणसाचं. ज्याची स्वतःची मेलपेटीच अशा सर्व्हरवर आहे आणि ज्याला ती आउटलुकऐवजी खुल्या प्रोग्रॅममधून उघडायची आहे, त्याचं दुखणं आणखी जुनं. नोव्हेंबर २०२५ मध्ये थंडरबर्डची १४५ क्रमांकाची आवृत्ती आली आणि तिच्यात एक्स्चेंजचं खातं थेट जोडायची सोय पहिल्यांदा मिळाली. थंडरबर्ड १.० आलं होतं डिसेंबर २००४ मध्ये. मधली एकवीस वर्षं कुठे गेली? बातमी वाचून कित्येकांनी विचारलं, “मेल उघडायला एवढं काय लागतं?”

## टपाल सगळ्यांचं, पेटी कंपनीची

तुमच्या जीमेलवरून कुणाच्या रेडिफमेलवर पत्र जातं, तेव्हा दोन्हीकडचे संगणक एका ठरलेल्या पद्धतीने बोलतात. आधी कुणी काय म्हणायचं, उत्तर कसं द्यायचं, याच्या लेखी नियमांना प्रोटोकॉल म्हणतात. मेल धाडायचा प्रोटोकॉल म्हणजे एसएमटीपी. तो १९८२ सालचा आहे. त्याचे नियम कुणीही वाचावेत आणि वापरावेत, त्याला ना फी ना परवानगी. म्हणून तर कुठल्याही कंपनीची मेल कुठल्याही कंपनीकडे जाते.

पण पोस्टमन पत्र आणून टाकतो ते सोसायटीच्या गेटवरच्या पेटीत. तिथून ते तुमच्या हातात यायचं, हा टप्पा वेगळा. तुमच्या संगणकावरचा मेल वाचायचा प्रोग्रॅम, ज्याला आयटीवाले ‘क्लायंट’ म्हणतात, तो ही पेटी उघडतो. त्यासाठीही खुले प्रोटोकॉल आहेत. पीओपी पत्रं उचलून घरी आणतो. आयमॅप पत्रं पेटीतच ठेवतो आणि तुम्हाला मोबाइल, लॅपटॉप, कुठूनही तीच पेटी दाखवतो. मार्क क्रिस्पिन यांनी आयमॅपची सुरुवात १९८६ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात केली. तोही आजतागायत चालू आहे.

मेलचा रस्ता असा सगळा खुला आहे. कुलूप लागतं ते शेवटच्या दहा पावलांवर, पेटी आणि तुमचा हात यांच्या मधे.

## तलाठ्याचं दप्तर, तेही मोडीत

मायक्रोसॉफ्टचा एक्स्चेंज सर्व्हर १९९६ मध्ये बाजारात आला. (पहिल्याच आवृत्तीचा आकडा ४.० होता. पहिले तीन शोधत बसू नका. आधीच्या ‘मायक्रोसॉफ्ट मेल’चा क्रमांक पुढे ओढला, एवढंच.) त्याला मेलचा सर्व्हर म्हणतात खरं, पण कंपन्या त्याच्यासाठी पैसे मोजतात ते नुसत्या मेलसाठी नाही. साहेबांची डायरी सेक्रेटरीला दिसते. मीटिंग ठरवताना चौघांपैकी कोण कधी मोकळं आहे ते समोर येतं. कॉन्फरन्स रूम बुक होते. नावाची दोन अक्षरं टाकली की कंपनीतल्या दहा हजार माणसांतून नेमका माणूस सापडतो. रजेवर गेलात की सर्व्हर परस्पर उत्तर देतो.

त्यामुळे एक्स्चेंजच्या पोटात टपालपेटी नसून तलाठ्याच्या दप्तरासारखा प्रकार असतो. सातबारा, फेरफार, खातेउतारा जसे एकमेकांत गुंतलेले, तशा मेल, मीटिंग, कॉन्टॅक्ट, कामांची यादी या सगळ्या एकाच साच्यातल्या नोंदी. प्रत्येक नोंदीला पुष्कळ रकाने: वाचली की नाही, कुणाच्या वतीने पाठवली, मीटिंगला होकार दिला की टाळलं. आउटलुक हे दप्तर चाळायचं ते ‘मॅपी’ नावाच्या मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या पद्धतीने. आउटलुक आणि एक्स्चेंज यांच्यातल्या या बोलण्याचे तपशील बाहेरच्यांसाठी कित्येक वर्षं छापलेलेच नव्हते.

जुनं दप्तर मोडीत असतं तेव्हा काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे. कागद तुमचाच, जमीन तुमच्याच पणजोबांची, पण वाचायला मोडीचा जाणकार लागतो. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधताना मोडी वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली होती, तशीच गत. फरक एवढाच की मोडी शिकायला पुस्तकं मिळतात. या दप्तराची बाराखडी मालकाच्या कपाटात होती.

## बाराखडी नसताना शिकलेले

पहिला मोठा प्रयत्न लिनक्सवाल्यांचा. (लिनक्स म्हणजे विंडोजऐवजी संगणकावर चालवता येणारी खुली प्रणाली.) मिगेल दे इकाझा आणि नॅट फ्रीडमन यांच्या झिमियन कंपनीने डिसेंबर २००१ मध्ये ‘इव्होल्यूशन’ नावाचा मेल प्रोग्रॅम आणला. दिसायला थेट आउटलुकसारखा, कारण आउटलुकची सवय असलेल्यांनाच लिनक्सवर आणायचं होतं. दिसण्याचं जमलं. एक्स्चेंजशी बोलायचं कसं, हे कोडं तसंच होतं.

त्यांनी समोरचं दार सोडून खिडकी शोधली. एक्स्चेंज २००० मध्ये ब्राउझरमधून मेल बघायची सोय होती, आणि तिच्या मागे वेबडॅव नावाचा, कागदोपत्री खुला असलेला प्रोटोकॉल होता. झिमियनने ‘कनेक्टर’ नावाचा जोड प्रोग्रॅम लिहिला. तो त्या खिडकीतून आत हात घालून मेल, कॅलेंडर, पत्ते बाहेर काढायचा. किंमत माणशी ६९ डॉलर. खुल्या प्रोग्रॅमला विकतची किल्ली, म्हणून तेव्हा नाकं मुरडली गेली. २००३ मध्ये नॉव्हेल या सॉफ्टवेअर कंपनीने झिमियन विकत घेतली आणि पुढच्याच वर्षी कनेक्टरचा कोडही खुला करून टाकला.

जाता जाता एक गंमत. त्याच वेबमेलवर काम करणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या मंडळींना पान पुन्हा न उघडता नवी मेल दाखवायची होती, म्हणून त्यांनी ब्राउझरसाठी एक छोटा भाग बनवला. आज नकाशा सरकवताना किंवा क्रिकेटचा स्कोअर बघताना पान आपोआप बदलतं, त्या तंत्राचं मूळ तिथे आहे. ऑफिसच्या मेलने सगळ्या वेबला लावलेला हा हातभार सहसा कुणाला माहीत नसतो.

खिडकी काही टिकली नाही. एक्स्चेंज २००७ मध्ये वेबडॅवला उतरती कळा लागली आणि २०१० च्या आवृत्तीत तो काढूनच टाकला. सर्व्हर बदलला त्या सोमवारी सकाळी कनेक्टर वापरणाऱ्यांच्या पेट्या बंद. या साऱ्या प्रकरणाचा खरा त्रास हा आहे. दुसऱ्याच्या घराच्या खिडकीवर संसार थाटलात, तर घरमालक गवंडी बोलावतो तेव्हा तो तुम्हाला विचारत नाही.

दुसरी एक मंडळी खिडकीच्या नादी लागलीच नाहीत. त्यांनी तारेला कान लावला. आउटलुकने अमुक विचारलं, एक्स्चेंजने तमुक उत्तर दिलं, मग या आकड्याचा अर्थ हा असावा. असं एकेक अक्षर जुळवत ‘ओपनचेंज’ नावाच्या प्रकल्पाने मॅपी वाचायला घेतली. शिलालेख वाचावा तसं काम. तेही फुकटात आणि बरंचसं रात्री जागून.

## बाराखडी छापून मिळाली ती कोर्टामुळे

सन मायक्रोसिस्टिम्स या सर्व्हर बनवणाऱ्या कंपनीने १९९८ मध्ये युरोपीय आयोगाकडे तक्रार केली होती, की मायक्रोसॉफ्ट आपल्या सर्व्हरशी बोलायची माहिती इतरांना देत नाही. मार्च २००४ मध्ये आयोगाने ४९ कोटी ७० लाख युरोंहून जास्त दंड ठोठावला आणि माहिती द्या असा आदेश दिला. अपील झालं. सप्टेंबर २००७ मध्ये तिथेही निकाल आयोगाच्या बाजूने गेला. फेब्रुवारी २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या मोठ्या उत्पादनांच्या प्रोटोकॉलची हजारो पानं इंटरनेटवर ठेवण्याचं जाहीर केलं. त्यात एक्स्चेंज २००७ सुद्धा होता.

मूळ खटला फाइल आणि प्रिंटर वाटून देणाऱ्या सर्व्हरबद्दलचा होता, मेलबद्दलचा नव्हता. तरी त्या दबावाचा फायदा मेलवाल्यांनाही झाला, असं माझं मत. नाहीतर ही पानं आपणहून कोण छापतं?

हजारो पानं मिळाली म्हणजे काम झालं असं मात्र नाही. पाककृतीच्या पुस्तकाने पुरणपोळी येत नाही. मॅपी इतकी गुंतागुंतीची की ती पुरती लिहून काढणं कुणाला झेपेना. मदतीला आली ती एक्स्चेंज २००७ पासूनची दुसरी पद्धत, ‘एक्स्चेंज वेब सर्व्हिसेस’ उर्फ ईडब्ल्यूएस. (आपल्याकडे ईडब्ल्यूएस म्हटलं की तहसीलदाराचा दाखला आठवतो. हा तो नव्हे.) तिच्यात वेबच्याच रस्त्याने, वाचता येईल अशा मजकुरात मागणी करता येते: या फोल्डरमधल्या शेवटच्या पन्नास मेल दे, या तारखेची मीटिंग दे. मोडीच्या दप्तराशेजारी कुणीतरी बाळबोध लिहिणारा कारकून बसवावा, तसं झालं. इव्होल्यूशन त्याच रस्त्याने गेलं आणि लिनक्सवर आजही एक्स्चेंजसाठी बरेच जण तेच वापरतात.

## दुभाषा

थंडरबर्डवाल्यांनी इतकी वर्षं काय केलं? काहींनी पैसे देऊन जोड प्रोग्रॅम घेतले. माझ्यासारख्यांनी डेव्हमेल वापरलं.

डेव्हमेल हा खुला दुभाषा. तो तुमच्याच संगणकावर एका कोपऱ्यात बसतो. थंडरबर्डला सांगायचं, तुझा आयमॅप सर्व्हर याच मशिनवर आहे, दार क्रमांक ११४३. कॅलेंडरसाठी दार १०८०, मेल पाठवायला १०२५. थंडरबर्ड बिचारं समजतं की आपण एखाद्या साध्या, खुल्या सर्व्हरशी बोलतोय. डेव्हमेल तेच बोलणं ईडब्ल्यूएसमध्ये करून एक्स्चेंजला सांगतं, उत्तर उलट करून परत देतं. बायकोच्या माहेरचे तेलुगू बोलणारे आणि आई मराठी. मधे बायको बसते आणि दोघंही खूश, तसा प्रकार. दोन्हीकडच्या कुणालाच बदलावं लागत नाही.

दुभाष्याच्या गमतीही असतात. एका नोकरीत असताना मी कॅलेंडरच्या नोंदी इकडून तिकडे न्यायला स्वतःच एक छोटी स्क्रिप्ट लिहिली होती. विंडोज आपल्या वेळेला ‘इंडिया स्टँडर्ड टाइम’ म्हणतं. बाकीचं जग तिला ‘एशिया/कोलकाता’ म्हणतं. माझ्या तक्त्यात ही जोडी लिहायची राहिली. ओळखीचं नाव सापडलं नाही म्हणून स्क्रिप्टने वेळ ग्रीनिचची धरली आणि आपले साडेपाच तास वर चढवले. दुपारी ३ ची मीटिंग माझ्या कॅलेंडरात रात्री साडेआठला. मी निवांत डबा खात होतो आणि वर सगळे माझी वाट बघत होते. “नेटवर्क गेलं होतं” म्हणून वेळ मारून नेली.

मेल म्हणजे मजकूर. एखादं अक्षर हललं तरी कळतं. कॅलेंडरचं तसं नाही. दर मंगळवारची मीटिंग, त्यातला एक मंगळवार रद्द, एक बुधवारवर ढकललेला, आणि हे सगळं तीन देशांतल्या माणसांसाठी. दोन प्रोग्रॅममध्ये एकमत होत नाही ते बहुतेक वेळा इथे. थंडरबर्डच्या नव्या सोयीतही आधी फक्त मेल आली, कॅलेंडर आणि पत्ते नंतरसाठी ठेवले, त्याचं मला नवल वाटलं नाही.

## “मग सरळ आयमॅप चालू करा की!”

आयटीतला माणूस हे वाचत असेल तर हे वाक्य त्याच्या ओठांवर असेल. बरोबर आहे, एक्स्चेंजला आयमॅप येतो. कंपनीच्या आवारात बसवलेल्या एक्स्चेंजवर ती सेवा मुळात बंद असते, कुणीतरी मुद्दाम चालू करावी लागते. केली तर मेल व्यवस्थित येते.

पण आयमॅपला मेल आणि फोल्डर यापलीकडचं काही माहीत नाही. डायरी नाही, कंपनीची पत्त्यांची यादी नाही, रजेवरचं उत्तर लावता येत नाही. कॅलेंडरसाठी खुला प्रोटोकॉल आहे, कॅलडॅव त्याचं नाव, पण एक्स्चेंज तो बोलत नाही. मीटिंगचं आमंत्रण आलेलं दिसतं, खोली मोकळी आहे का ते दिसत नाही. ज्याला मेल वाचण्यापलीकडे काही करायचं नाही त्याने आयमॅप मागून घ्यावा आणि सुखी राहावं. हे मी मनापासून सांगतोय, कारण निम्म्या लोकांचं काम तेवढ्यावर भागतं.

## पासवर्ड बरोबर, तरी दार बंद

इथपर्यंतची गोष्ट भाषेची होती. आता बऱ्याच कंपन्यांनी आपली मेल आवारातून उचलून मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून वापरायच्या त्यांच्याच सर्व्हरवर, नेली आहे. (मायक्रोसॉफ्टचं एक डेटा सेंटर पुण्यातच आहे. हिंजवडीतल्या माणसाची मेल कदाचित पाच-दहा मैलांवरच ठेवलेली असेल, आणि तरी ती उघडता येत नसेल.) तिथे प्रश्न वेगळाच उभा राहतो.

पूर्वी मेल प्रोग्रॅमला नाव आणि पासवर्ड दिला की तो आत जायचा. यात धोका होता. पासवर्ड प्रोग्रॅममध्ये साठवला जायचा, आणि चोराला तो मिळाला की मोबाइलवर येणारा ओटीपी वगैरे काही आड येत नसे. ऑक्टोबर २०२२ पासून मायक्रोसॉफ्टने क्लाउडवरच्या मेलसाठी ही पद्धत बंद करायला घेतली. आता ‘ओऑथ’ लागतं. प्रोग्रॅम तुम्हाला मायक्रोसॉफ्टच्या पानावर पाठवतो, पासवर्ड आणि ओटीपी तुम्ही तिथे देता, आणि प्रोग्रॅमच्या हातात तासा-दीड तासाचा एक पास पडतो. तो संपला की प्रोग्रॅम गुपचूप नवा घेतो. पासवर्ड त्याला कधी कळतच नाही. पद्धत चांगली आहे, आणि तिचे नियमही खुले आहेत. मायक्रोसॉफ्टच्या खात्यांसाठी थंडरबर्डला ती २०२० पासून येते.

मेख पुढे आहे. बँकेचा लॉकर आठवा. तुमची किल्ली लावली तरी तो उघडत नाही, बँकेच्या माणसाने आपली किल्ली आधी फिरवावी लागते. इथे तसंच. कुठला प्रोग्रॅम पास मागतोय हे सर्व्हरला दिसतं, आणि अनोळखी प्रोग्रॅमना कंपनीच्या अ‍ॅडमिनने, म्हणजे मेलयंत्रणा सांभाळणाऱ्या आयटीवाल्याने, मान्यता दिल्याशिवाय पास द्यायचा नाही असं सेटिंग बऱ्याच ठिकाणी असतं. तुम्ही थंडरबर्डमध्ये पत्ता टाकता, पासवर्ड देता, ओटीपी देता, सगळं हिरवं होतं आणि शेवटी पाटी येते: अ‍ॅडमिनची मान्यता हवी. खाली कारण लिहायला एक चौकोन. काही ठिकाणी तोही नाही.

माझ्या एका जुन्या ऑफिसात मी यासाठी तिकीट, म्हणजे आयटी विभागाकडे लेखी मागणी, टाकलं होतं. अकरा दिवसांनी उत्तर आलं, “आउटलुक वापरावे,” आणि तिकीट बंद. मराठीत एवढं थोडक्यात बोलणारा आयटीवाला मला त्याआधी भेटला नव्हता.

वीस वर्षं घासून भाषेचं कोडं सुटलं, आणि सुटेपर्यंत कुलूप तिथून उठून परवानगीच्या रकान्यात जाऊन बसलं. या कुलपाला कोड लिहून उत्तर नाही. एक टिचकी मारायची असते, ती दुसऱ्या कुणाच्या माउसने.

## “पण कंपनीचंही बरोबरच आहे ना?”

बरंचसं आहे. कुणीही उठून कुठलाही प्रोग्रॅम जोडला तर त्यातला एखादा मेल चोरणारा निघू शकतो, आणि ‘मान्यता द्या’ म्हणून फसवणारे प्रकार खरोखर होतात. लॅपटॉप हरवला तर कंपनीला त्यावरची मेल लांबून पुसता यायला हवी. नोकरी सोडणाऱ्याच्या संगणकावर दहा वर्षांचा पत्रव्यवहार राहिला तर वकील झोपणार नाहीत. अ‍ॅडमिनने दोन ओळखीचे प्रोग्रॅम सांभाळावेत की बावीस?

मात्र “खुला म्हणजे असुरक्षित” हे कारण कुणी पुढे केलं तर ते मला पटत नाही. मार्च २०२१ मध्ये एक्स्चेंज सर्व्हरमधली चार भोकं उघडकीला आली. त्यातून हल्लेखोर पासवर्डशिवाय आत शिरत होते, आणि जगभरातल्या हजारो सर्व्हरना त्याचा फटका बसला. भोकं सर्व्हरात होती. समोर आउटलुक आहे की थंडरबर्ड, याने काही फरक पडत नव्हता. थंडरबर्डचा कोड वाचून तपासता येतो. अ‍ॅडमिनने तो तपासलेला नसतो हेही खरं, पण आउटलुकचा तरी कुठे तपासलेला असतो?

## “एवढा खटाटोप कशाला? ब्राउझरमध्ये उघडा.”

बहुतेकांनी तेच करावं. लिनक्ससाठी आउटलुक नाही, पण वेबवरचं आउटलुक कुठल्याही संगणकावर चालतं आणि हल्ली चांगलं चालतं.

खटाटोप करणाऱ्यांची कारणं वेगळी असतात. तीन ठिकाणची खाती एकाच खिडकीत हवीत. एसटीत, लोकलमध्ये, रेंज नसताना जुनी मेल शोधायची आहे. काहींना मेलची प्रत स्वतःच्या हातात हवी असते. थंडरबर्ड मेल ज्या फाइलमध्ये ठेवतं ती साध्या मजकुराची असते. वीस वर्षांनीही ती कुठल्याही एडिटरमध्ये उघडेल आणि तिच्यातून मेल बाहेर काढता येईल. आउटलुकची तशी प्रत उघडायला पुन्हा आउटलुक, नाहीतर खास हत्यारं शोधावी लागतात.

जुलै २०२५ मध्ये नायरा एनर्जीचं प्रकरण झालं. गुजरातेत वाडीनारला तिची मोठी रिफायनरी आहे आणि रशियाच्या रोसनेफ्टचा तिच्यात मोठा वाटा. युरोपीय संघाने निर्बंध लावल्यावर मायक्रोसॉफ्टने कंपनीच्या सेवा थांबवल्या. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि काही दिवसांत सेवा पूर्ववत झाल्या. कोण चूक, कोण बरोबर हा इथला विषय नाही. पण ब्राउझरमधली मेल म्हणजे दुसऱ्याच्या घरातली मेल, हे त्या आठवड्यात पुष्कळांच्या डोक्यात शिरलं.

## नवं दार उघडलं आणि गवंडी पुन्हा आला

थंडरबर्ड १४५ मध्ये जी सोय आली ती ईडब्ल्यूएसवर उभी आहे. आणि मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्येच सांगून ठेवलंय की आपल्या क्लाउडवरच्या मेलसाठी ईडब्ल्यूएस बंद करायला १ ऑक्टोबर २०२६ पासून सुरुवात होईल. वेबडॅवचीच गोष्ट पुन्हा. यापुढचा रस्ता ‘मायक्रोसॉफ्ट ग्राफ’ नावाच्या नव्या पद्धतीचा. थंडरबर्डवाले त्याच्या तयारीला लागले आहेत, इव्होल्यूशनने आधीच हात घातला आहे. ज्यांचा एक्स्चेंज कंपनीच्या आवारातच आहे, त्यांचं ईडब्ल्यूएस मात्र या निर्णयाने बंद होत नाही. घाई आहे ती क्लाउडवाल्यांना.

ग्राफची बाराखडी पहिल्या दिवसापासून छापलेली आहे, नीट आणि फुकट. मोडीचे दिवस गेले. पण ग्राफने आत जायलाही तोच लॉकर, तीच दुसरी किल्ली.

काहींनी या किल्लीच्या भानगडीतून अंगच काढून घेतलं. जर्मनीच्या उत्तर टोकाला श्लेस्विग-होल्स्टाइन नावाचं राज्य आहे. त्यांनी ऑक्टोबर २०२५ पर्यंत सरकारी कार्यालयांची ४० हजारांहून अधिक मेलखाती एक्स्चेंजवरून ‘ओपन-एक्स्चेंज’वर नेली. नावात एक्स्चेंज असलं तरी तो वेगळा, खुला सर्व्हर. वाचायला थंडरबर्ड दिलं. दहा कोटींहून जास्त मेल आणि कॅलेंडरच्या नोंदी हलवाव्या लागल्या. वाटेत कर्मचाऱ्यांच्या तक्रारी झाल्या, कामं अडली, मंत्र्यांना खुलासे करावे लागले. घर बदलताना भांडी फुटतातच.

त्याच सुमारास आपल्याकडे केंद्र सरकारच्या जवळपास १२ लाख कर्मचाऱ्यांची मेल झोहोकडे गेल्याच्या बातम्या आल्या. स्वदेशी म्हणून कौतुक झालं. झोहोचा कोडही बंदच आहे. तरी झोहो मेल आयमॅप बोलतं आणि झोहोचं कॅलेंडर कॅलडॅव बोलतं. मी एखाद्या मेल सेवेला पहिला प्रश्न हाच विचारतो: शेवटच्या दहा पावलांवर तुम्ही कुठली भाषा बोलता? कंपनी कुठल्या देशाची, हे मी नंतर बघतो.

## आयटीला विचारायचं काय

“थंडरबर्ड चालू करून द्या” असं तिकीट टाकलंत तर माझ्यासारखंच अकरा दिवसांनी उत्तर येईल. विचारायचं ते नेमकं विचारा. आपला एक्स्चेंज आवारात आहे की क्लाउडवर? आयमॅप चालू आहे का? क्लाउडवर असेल तर थंडरबर्ड किंवा इव्होल्यूशन या प्रोग्रॅमला अ‍ॅडमिनची मान्यता द्याल का? ती एकदा दिली की सगळ्या कंपनीसाठी देता येते, प्रत्येकाला वेगळं तिकीट टाकावं लागत नाही. लॅपटॉपची डिस्क एन्क्रिप्ट केलेली (चोराला वाचता येऊ नये अशी कुलूपबंद) असेल तर ते आधीच लिहा; पुढचा प्रश्न तोच येणार असतो. विचारल्याशिवाय डेव्हमेल बसवू नका. ते चालेलही, पण उद्या काही बिनसलं तर खुलासा तुम्हाला करावा लागेल.

मेहुण्याचं निस्तरायला मात्र आयटी लागली नाही. मी त्या कंपनीतल्या माणसाला फोनवर सांगितलं की मेल लिहिताना फॉरमॅट ‘रिच टेक्स्ट’ आहे तो ‘एचटीएमएल’ करा, म्हणजे ते गाठोडं बांधलंच जाणार नाही. त्याला ते बटण सापडायला पाच मिनिटं लागली. पुढची पर्चेस ऑर्डर पीडीएफ म्हणून आली. तिच्यात मालाचा ग्रेड चुकलेला होता, पण तो वाचता तरी आला.